जुन्या गिटारचं रोझवूड राहू दे, आधी आत बघा

जुन्या अकूस्टिक गिटारचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, बॅक आणि साइड्सना, म्हणजे पाठीला आणि कडांना, ब्राझिलियन रोझवूड आहे का? लाकूड देखणं आहे यात वादच नाही, काळ्या रेघांचं, बोटाने ठोकलं तर काचेसारखं वाजतं. त्यात 1969 मध्ये मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने नेहमीच्या मॉडेल्सना भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली, आणि 1992 पासून ब्राझिलियनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराचे कडक निर्बंध आले, मग भाव चढणारच. पण आवाजाचं म्हणाल तर माझं ठाम मत आहे, आधी टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, बघायचा आणि टॉपला आतून काय चिकटवलंय ते बघायचं.

स्पॅनिश गिटार कारागीर आंतोनियो दे तोरेसने 1862 मध्ये चक्क पुठ्ठ्याच्या बॅक आणि साइड्सची गिटार बनवली होती, हेच दाखवून द्यायला.

मार्टिनची डी-28 घ्या ना. 1943 ची आणि 1950 ची, दोन्हींना ब्राझिलियनच आहे, तरी लोक जीव टाकतात ते 43 वर. का? कारण चाळीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत टॉपला अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूस हे लाकूड असायचं, ते मिळेनासं झालं आणि सिट्का स्प्रूस आला, शिवाय जाड तारांनी टॉप फुगायला लागले म्हणून 1944 च्या शेवटी ब्रेसेस (टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या) स्कॅलप करणं, म्हणजे मधे खोलगट तासणं, बंद केलं. ब्रेसेस जड, टॉप ताठ, आवाज बदलला. रोझवूड तेच!

म्हणून छोटा आरसा आणि टॉर्च साउंडहोलमधून आत घालून बघाच. एक्स ब्रेसच्या, म्हणजे इंग्रजी X सारख्या एकमेकींना छेदणाऱ्या मुख्य पट्ट्यांच्या, उंचवट्यांमधे ते खोलगट वळण दिसतंय का, आणि नंतर कुणी कमी जास्त तासलंय का, तिथलं लाकूड ताजं दिसलं की शंका घ्या. मग ब्रिज प्लेट, म्हणजे तारा जिथे अडकतात त्या ब्रिजखाली आतून चिकटवलेली फळी. 1968 च्या सुमारापर्यंत मार्टिनला लहानशी मेपलची असायची, पुढे मोठी रोझवूडची आली आणि टॉपवर वजन वाढलं. तारांच्या टोकाच्या गोळ्यांनी, म्हणजे बॉलएंडनी, तारा धरून ठेवणाऱ्या पिनची भोकं कुरतडलेली असतात, ते दुरुस्त होतं, पण कुणी जुनी प्लेट उचकटून भलीमोठी बसवली असेल तर माझ्या मते साइडला गेलेल्या तड्यापेक्षा ते वाईट.

नेक रीसेटला, म्हणजे मान काढून योग्य कोनात पुन्हा बसवण्याला, मात्र घाबरू नका प्लीज, जुन्या हाइड ग्लूने (प्राण्यांच्या कातड्याच्या सरसाने) चिकटवलेला डव्हटेल जॉइंट, म्हणजे खाचेत बसवलेला सांधा, वाफेने सुटतो, त्या काळच्या गिटार दुरुस्त होतात त्या यामुळेच.

आणि साठच्या दशकातली गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची गिटार बघत असाल तर आरसा ब्रिजखाली नक्की फिरवा, काहींना प्लॅस्टिकचा ब्रिज आहे, आतून स्क्रूने आवळलेला. ते स्क्रू दिसले की लाकडी ब्रिज बसवायचा खर्च धरूनच भाव करायचा.