पिल्लू घेण्याआधी आई पाहावी

आमच्या बॉर्डर टेरिअर जातीच्या कुत्रीशी खेळून झाले की इथले, इंग्लंडमधल्या लीड्सचे शेजारी असोत किंवा पुण्याहून आलेले पाहुणे, बहुतेक जण विचारतात, की चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, ओळखला कसा आणि एका पिल्लासाठी सात महिने का थांबलात? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला विक्रेता आम्हाला जाहिरातीतून सापडला होता. पिल्लू हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापाशी आणून देतो म्हणाला, आणि आईला पाहायचे आहे म्हटल्यावर ती सध्या दुसऱ्या गावी असल्याचे त्याने सांगितले. आम्ही तो व्यवहार तिथेच सोडून दिला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्ले मध्यस्थाने विकण्यास बंदी आहे. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या कुत्रीवरून लोक त्याला ल्यूसीचा कायदा म्हणतात. भारतातही २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, हे पुण्यात चौकशी करणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

शेवटी ज्या बाईंकडून पिल्लू घेतले, त्या नॉर्थम्बरलँडच्या, म्हणजे या जातीच्या मूळ मुलखातल्या. पहिल्या फोनवर तासभर त्यांनीच आम्हाला प्रश्न विचारले: दिवसभर घरी कोण असते, याआधी कुत्रा पाळला आहे का, बागेचे कुंपण जमिनीत किती खोल गेले आहे. हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा चमत्कारिक वाटला; पण कोल्ह्यामागे बिळात शिरण्यासाठी जोपासलेली ही जात आहे, ती उकरणारच.

पिल्ले पाच आठवड्यांची असताना आम्ही गेलो. आई स्वयंपाकघरातून शेपूट हलवत आली, माझा हात हुंगला आणि पुन्हा पिल्लांपाशी जाऊन निवांत पसरली. परक्या माणसाला पाहून ती दबली नाही की गुरगुरली नाही, याला मी कोणत्याही कागदापेक्षा जास्त महत्त्व देते, कारण पिल्लाचा स्वभाव बराचसा तिच्याकडूनच येतो. बाईंनी तिच्या खांद्यांमागे दोन्ही हात घालून छाती पंजांत मावते हे दाखवले. बिळात अडकू नये म्हणून ही अपेक्षा जातीच्या मानकातच, म्हणजे या जातीचा कुत्रा कसा असावा याच्या अधिकृत वर्णनात, लिहिलेली आहे.

मग त्यांनी कागद काढले. या जातीत पिल्ले चालू लागण्याच्या वयातच थरथरू लागतात असा एक आनुवंशिक मेंदुविकार आहे. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच तो होतो, म्हणून दोघांची डीएनए चाचणी करूनच जोडी ठरवायची. ती केलेली होती. त्यानंतर मी न विचारताच त्यांनी सांगितले, की त्यांच्या एका जुन्या कुत्र्याला अंग आखडण्याचे झटके येत असत, खाण्यातले ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातले प्रथिन) बंद केल्यावर ते थांबले, आणि त्याच्या वंशातून त्यांनी पुढे पिल्ले घेतली नाहीत. आपल्याच घराण्यातला दोष गिऱ्हाइकासमोर उघड करणाऱ्या या बाईंवर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर पिल्लू घरी आले, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून आणि एका करारासह: काही कारणाने सांभाळणे जमले नाही, तर कोणत्याही वयात कुत्री त्यांच्याकडेच परत द्यायची. आज ती चार वर्षांची आहे. दर वाढदिवसाला बाईंचा फोन येतो. आधी वजन विचारतात, मग झटका कधी आला का ते, आणि माझे उत्तर त्यांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवतात.