‘रजेवर’ या एका शब्दात अडकलेले माझे 90 दिवस

सरकारी नोंदीत मी डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 असे दोन महिने ‘रजेवर’ होते. प्रत्यक्षात कंपनीनं 30 नोव्हेंबरला संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि मी घरी बसून किराणावाल्याच्या वहीत उधारी वाढवत होते. तो शब्द आठवला की आजही डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

वायर हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पाच वर्षं तपासणीच्या लाइनवर होते. पगार 16,500 रुपये. त्यातले 124 रुपये दर महिन्याला ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, जायचे. आमच्यातल्या बहुतेकींना ईएसआय म्हणजे दवाखाना आणि बाळंतपणाची रजा एवढंच माहीत. ऑर्डर घटल्या, एक लाइन बंद झाली आणि आम्हा अठरा जणींना एकाच दिवशी कमी केलं.

त्या दिवशी एचआरचे सर एकेकीला आत बोलवत होते. टेबलावर राजीनामा टाइप करून ठेवलेला, ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा. “सही करा ताई, म्हणजे हिशोब लवकर निघेल.” माझा मोठा भाऊ युनियनमध्ये होता. त्यानं आदल्या रात्रीच बजावलं होतं, ते काढत असतील तर तू राजीनाम्यावर सही करू नकोस. मी केली नाही. हिशोब दहा दिवस उशिरा मिळाला, पण मिळाला. आमच्या लाइनवरच्या एका काकूंनी मात्र सही केली. मुलाची फी भरायची होती, त्यांना पैसे लगेच हवे होते.

नोकरी गेल्यावर ईएसआयकडून पैसे मिळतात हे मला भावानंच सांगितलं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना हे तिचं नाव, जुलै 2018 मध्ये सुरू झालेली. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे, कोविडच्या काळात 24 मार्च 2020 पासून ते 50 टक्के केले, आणि माझी नोकरी गेली तेव्हा 50 टक्केच चालू होते. जास्तीत जास्त 90 दिवसांचे, आयुष्यात एकदाच. अट अशी की निदान दोन वर्षं विमा असला पाहिजे, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. ईएसआयची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी धरतात. माझे दिवस भरत होते.

रकमेचा हिशोब आधीच समजून घ्या, नाहीतर मागाहून जीव हळहळतो. शेवटच्या पगाराच्या निम्मे मिळतात असं मी धरून बसले होते. पण मागच्या चार सहामाह्यांची एकूण कमाई घेतात, तिला 730 नं भागतात आणि आलेल्या आकड्याच्या निम्मे देतात. 2020 च्या एप्रिल-मे मध्ये कारखाना बंद होता, आम्हाला पगार नव्हता, तरी भागायचं 730 नंच. त्यामुळे माझा दर दिवसाला 248 रुपयांवर आला. 90 दिवसांचे 22 हजारांच्या थोडे वर. आमच्या घरात त्या वेळी ही रक्कम फार मोठी होती.

नोकरी गेल्यापासून 30 दिवस झाल्यावर दावा करता येतो. मी 3 जानेवारीला पोर्टलवर बसले. आधार, पासबुकचं पहिलं पान, सगळं स्कॅन करून तयार. दावा पुढेच जाईना, कारण नोंदीत माझी नोकरी अजून चालूच होती.

दुसऱ्या दिवशी शाखा कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझा दहा आकडी विमा क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाल्या, “कंपनीनं तुमचा शेवटचा दिवस टाकलेला नाही. डिसेंबरची भरणी 15 जानेवारीपर्यंत होईल, त्यात येईल. तेव्हा या.” त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते आणि माणूस गेला असेल तर त्याच तक्त्यात कारण आणि शेवटचा दिवस लिहायचा असतो. आपला संबंध तिथेच सुटतो किंवा तिथेच अडकतो.

17 तारखेला परत गेले. तिसऱ्या लाटेमुळे आत एका वेळी दोघांनाच सोडत होते, बाहेर उन्हात दीड तास काढला. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, कामाचे दिवस शून्य, पगार शून्य, आणि पुढच्या रकान्यात कारण : रजेवर. मी दोनदा वाचलं. म्हटलं, “मॅडम, मला काढलंय हो.” त्या म्हणाल्या, “मी समजते, पण हे मला बदलता येत नाही. कंपनीकडून करून आणा.”

तिथून पुढचे दोन महिने या एका रकान्यानं खाल्ले.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं आत सोडलं नाही, इंटरकॉमवर बोलणं करून दिलं. एचआरचे सर म्हणाले, आमचं ईएसआय-पीएफ सगळं कन्सल्टंट बघतो. कन्सल्टंटचं ऑफिस दोन रिक्षा बदलून जावं लागेल अशा ठिकाणी, हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. तिथला मुलगा म्हणाला, कंपनीचा मेल आल्याशिवाय आम्ही काही करत नाही. कंपनीत पुन्हा फोन. सर मीटिंगमध्ये. पुन्हा फोन. सर रजेवर. मेल केला असं चौथ्या दिवशी सांगितलं, कन्सल्टंट म्हणे आलाच नाही. तो मेल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला 2 फेब्रुवारीला, जेव्हा हट्टानं सरांना माझ्याही पत्त्यावर एक प्रत पाठवायला लावली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा. तोंडी ‘पाठवलं’ यावर एक दिवसही बसू नका.

आता होईल म्हणून 15 फेब्रुवारीची वाट पाहिली. 16 ला गेले. जानेवारीच्या रकान्यातही रजेवर.

कन्सल्टंटकडे गेले तेव्हा त्या मुलानं कॉम्प्युटर माझ्यासमोर उघडला, म्हणून कारण तरी कळलं. दर महिन्याला मागच्या महिन्याची एक्सेल फाइल तशीच उचलायची, महिना बदलायचा आणि चढवायची. डिसेंबरमध्ये कुणीतरी आम्हा सगळ्यांपुढे ‘रजेवर’ टाकलं, तेच जानेवारीत पुढे आलं. अठरा घरांचे पैसे त्या कॉपी-पेस्टमध्ये अडकले होते आणि त्या खोलीत कुणाला पत्ताही नव्हता. मला तिथे रडू आलं. त्या मुलानं पाणी दिलं. पण सवय बदलायला त्याला वरून कागदच लागणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग मी कागदाच्या मागे लागले. भावानं अर्ज लिहायला मदत केली, शाखा व्यवस्थापकांच्या नावे, साध्या मराठीत : अमुक विमा क्रमांक, अमुक तारखेला कामावरून कमी केलं, कंपनीनं चुकीचं कारण नोंदवलं, कृपया कंपनीकडून खुलासा मागवावा. सोबत नेमणूकपत्र, शेवटची पगारपावती, आणि ज्यानं मला तारलं तो कागद, फुल अँड फायनलच्या हिशोबाची प्रत. त्यावर कंपनीच्या शिक्क्यासह ‘शेवटचा दिवस 30/11/2021’ लिहिलेलं होतं. हिशोब घेताना मी सहज मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. मूळ प्रत कंपनीनं दिलीच नव्हती.

पीएफच्या खात्यातली नोकरी सोडल्याची तारीखही मी छापून नेली होती. पीएफमध्ये शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतः टाकता येते, 2020 पासून तशी सोय आहे. पण ती तारीख मीच टाकलेली, त्यामुळे इथे पुरावा म्हणून चालली नाही. ईएसआयमध्येही अशी सोय झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ज्यानं काढलं त्याच्याच सहीवर काढलेल्या माणसाचा हक्क का टांगलेला ठेवायचा?

अर्ज दिल्यावर आवकचा शिक्का आणि तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्याकडे 18 फेब्रुवारीचा शिक्का होता. आठवडाभरानं शाखेतून कंपनीला पत्र गेलं. घरी मी केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलची तक्रार आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही तयार ठेवले होते. वापरावे लागले नाहीत. ईएसआयची ‘सुविधा समागम’ नावाची तक्रार बैठकही असते, हे मला फार उशिरा समजलं. आधी कळलं असतं तर जानेवारीतच गेले असते.

14 मार्चला कन्सल्टंटच्या मुलाचा स्वतःहून फोन आला, “ताई, तुमचं झालं, सगळ्यांचंच केलं.” 16 तारखेला पोर्टलवर दावा गेला. डिसेंबरचे 31, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, बरोबर 90 दिवस. पुढच्या दिवसांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत, पण माझे तर सगळे दिवस केव्हाच सरून गेले होते. एकाच दाव्यात सगळे मागितले.

कागद द्यायला गेले तेव्हा बाहेरचा झेरॉक्सवाला प्रतिज्ञापत्राचे 350 रुपये सांगत होता. देऊ नका. ती अट नोव्हेंबर 2020 मध्येच काढली आहे. आधी दावा कंपनीमार्फत पाठवावा लागायचा, तेही आता नाही, थेट शाखेत देता येतो.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांची तारीखही माझ्याबरोबरच दुरुस्त झाली. पण शाखेनं पडताळणी केली तेव्हा कंपनीनं राजीनामा पुढे केला. स्वतःहून नोकरी सोडली तर ही योजना लागू होत नाही. त्याच लाइनवर, माझ्याच शेजारी, सात वर्षं काम केलेल्या बाईला एक रुपया मिळाला नाही. “मला कुणी सांगितलंच नाही गं,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या कामाला एकच गोष्ट आली. नोकरी गेली म्हणून ईएसआयचा दवाखाना त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर 2021 ची वर्गणी भरलेली असल्यामुळे जून 2022 पर्यंत त्यांच्या शुगरच्या गोळ्या तिथून मिळत राहिल्या. बऱ्याच जणी कार्ड कपाटात टाकून बाहेरून औषधं आणतात, तसं करू नका.

7 एप्रिलला सकाळी बँकेचा मेसेज आला. मी डबा भरत होते, कारण त्याच आठवड्यात दुसरीकडे कामाला लागले होते. संध्याकाळी येताना किराणावाल्याकडे थांबले. त्यानं वही काढली, चार पानांवर आडवी रेघ मारली आणि खाली ‘जमा’ लिहून तारीख टाकली. त्या पानाचाही मी फोटो काढून ठेवला आहे.

आणि हो, मोबाइल नंबर. माझ्या विमा नोंदीत पाच वर्षांपूर्वी भरती करणाऱ्या ठेकेदाराचा नंबर होता, ओटीपी त्याच्याकडे जायचा. तो बदलून घेण्यात डिसेंबरचा एक अख्खा दिवस गेला. आज नोकरी चालू असेल तर आजच तपासा, आणि पासबुकही बघा. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आयएफएससी कोड बदललेला असतो.