गोदामाची जोडणी

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना जिन्याची, बोगद्याची, वसतिगृहाची आणि गोदामाची अशा दिव्यांच्या निरनिराळ्या जोडण्या शिकवतात. जिन्याची आपल्या सगळ्यांच्या हातातली आहे: खाली लावा, वर जाऊन विझवा. माझा जीव मात्र गोदामाच्या जोडणीवर जडला आहे. मी वायरमन नव्हे, हिशेब लिहिणारा माणूस. कदाचित म्हणूनच ती मला आवडत असेल, कारण इतका काटकसरी विचार मी दुसऱ्या कुठल्या आकृतीत पाहिलेला नाही.

दाराशी एक साधा स्विच. तो दाबला की पहिला दिवा लागतो. त्याच्या उजेडात चालत गेलं की दुसरा स्विच येतो, हा टू-वे, म्हणजे वीज दोहोंपैकी एका वाटेला वळवणारा. तो दाबताच पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो. तिसऱ्यालाही तेच. परत फिरताना तेच स्विच उलट्या क्रमाने दाबत यायचे. उजेड तसाच टप्प्याटप्प्याने दाराकडे येतो, आणि शेवटी दारातला स्विच बंद केला की संपलं. गोदाम कितीही लांब असो, एका वेळी जळतो एकच दिवा. करामत एवढीच, की टू-वेच्या मधल्या टोकाला मागच्या स्विचमधून येणारा फेज (वीज आणणारी तार) द्यायचा, एक टोक मागच्या दिव्याला जोडायचं आणि दुसरं पुढच्या स्विचला, शेवटच्या स्विचचं मात्र शेवटच्या दिव्याला. पितळेची पट्टी इकडून तिकडे झाली की झालं.

आतेभावाने गोव्यात फोंड्याजवळच्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली. बिस्किटं, साबण, आणि श्रावण आला की चवथीचं सामान, असा साठा. फोंड्याचे एक जुने, अनुभवी वायरमन कामाला आले, तेव्हा ही आकृती त्यांनी मालाच्या चलनाच्या पाठीमागे पेन्सिलीने काढून दाखवली. वीजबिलाचा विचार करून आतेभाऊ एकदम खूश. सगळ्या शेडला एकच दिवा! मग वायरमनमामांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "पात्रांव, भितर एकटोच मनीस वतलो न्हय?" म्हणजे मालक, आत एकटाच माणूस जाणार ना?

खरी गोम तिथेच. समजा, एक पोरगा पार आत तिसऱ्या दिव्याखाली खोकी मोजतोय. दुसरा दारातून आला आणि सवयीने वाटेतला स्विच दाबला. याच्या डोक्यावर उजेड पडला, आतल्याच्या डोळ्यांपुढे अंधार. कुणीच काही चुकीचं केलेलं नाही. आकृती काढणाऱ्याने मनात धरलेला माणूस एकटा आहे, तो ज्या दाराने जातो त्याच दाराने परत येतो, आणि येताना एकही स्विच विसरत नाही. कुंडईच्या शेडला तर मागच्या बाजूलाही शटर. पुढून आत शिरून मागून बाहेर पडणाऱ्याने दिवा विझवायचा कसा, याचं उत्तर आकृतीत नाही. आणि विसरणाऱ्याचं तर विचारूच नका. परतताना सगळ्यात आतला, तिसरा स्विच दाबायचा राहिला, तर त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुसरा स्विच दाबल्यावर मधला दिवा वगळून थेट टोकाचा लागतो. काल कोण घाईत होतं ते गोदाम आज सांगतं. आमच्या हिशेबाच्या वहीतही असंच होतं, चूक होते सोमवारी आणि दिसते गुरुवारी.

तरीही त्या आकृतीला नावं ठेवायला मन होत नाही. ती आहे एका दाराच्या, अरुंद, खिडक्या नसलेल्या कोठारासाठी. सुपारीची पोती छातीइतकी रचलेली आणि किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला, अशा जागेसाठी. तिथे ती अजूनही चोख चालेल.

कुंडईत आधीच्या भाडेकरूचे मेटल हॅलाइडचे दिवे लटकत होते. त्यांच्यापुढे ही हुशारी चालतच नाही. लावला की पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं, आणि विझवून लगेच लावू म्हटलं तर तो आधी थंड होणार, मग पेटणार. पाठोपाठ लावण्या-विझवण्याचा खेळ एलईडी आल्यावर पुन्हा शक्य झाला. मामांनी ते जुने दिवे उतरवले आणि 100 वॅटचे एलईडी हायबे (उंच छताला टांगायचे दिवे) रांगांच्या मधल्या वाटांवर टांगले. रॅकच्या वर दिवा टांगणाऱ्याला ते फार बोलले, कारण तो उजेड सगळा वरच्या खोक्यालाच. दिव्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट हा त्यांचा जुना नियम. आठ हायबेंत तो काठोकाठ भरला, म्हणून सर्किटं तीन केली.

स्विच कुठे बसवायचे यावर मात्र अर्धी सकाळ गेली. आतेभावाला ते रॅकच्या खांबावर हवे होते. मामा म्हणाले, चवथीच्या आधी तिथे खोकी रचाल, मग तो स्विच हाताला लागेल विसर्जन झाल्यावर. बरोबरच होतं. शिवाय आमची हवा! पावसाळ्यात पितळेच्या स्क्रूवर हिरवा गंज चढतो, जोड ढिला पडतो, स्विच तापतो. त्यांनी प्रत्येक स्क्रू आवळून वर तार ओढून पाहिली.

एक स्विच मला दाबून बघू दिला. टक. हा आवाज स्प्रिंगचा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने 1884 मध्ये झटक्यात तुटणारा स्विच काढला. हळू तुटला की दोन टोकांत ठिणगीची कमान धरते आणि टोकं जळतात. बोटाने कितीही रेंगाळत दाबा, स्प्रिंग आपल्या वेगानेच सुटते. बांधलेल्या पुठ्ठ्याच्या गराड्यात हे बरं वाटतं.

अखेर ठरलं ते असं: प्रत्येक वाटेला दोन्ही टोकांना टू-वे, म्हणजे आपला जिनाच आडवा, आणि मागच्या कोपऱ्यात हालचाल टिपून दिवा लावणारा सेन्सर. सेन्सरवर आतेभावाचा फार जीव, कारण त्याला विसरता येत नाही. पण त्यानेही एक माणूस मनात धरलेला आहे: हा हलतच असतो. पोरगा स्तब्ध उभा राहून बिस्किटांचे थर मोजायला लागला की बेचाळीसला अंधार. मग तो वही वर करून हलवतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. मामांना फोन केला तर म्हणाले, वेळ वाढवून देतो, पण तोवर त्याला मोठ्याने आणि हात हलवत मोजायला सांगा.