कॉल्डवेल फील्ड्स, २००९

आज दिवसभर मी एकाच प्रकरणाबद्दल वाचत होतो आणि आता रात्री ते लिहिल्यावाचून राहवत नाही. २६ ऑगस्ट २००९ च्या संध्याकाळी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, अठरा वर्षांची ती आणि एकोणीस वर्षांचा तो, जेफरसन राष्ट्रीय वनातील कॉल्डवेल फील्ड्स या मोकळ्या जागी गेले आणि तिथेच दोघांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्या सकाळी कुत्र्याला फिरवायला आलेल्या माणसाला त्यांचे मृतदेह सापडले. तिची पर्स, ओळखपत्र, फोन आणि कॅमेरा गायब होता. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, २००७ मध्ये, याच विद्यापीठाने गोळीबारात बत्तीस जण गमावले होते. त्या जखमेवर हा दुसरा घाव कसा सोसला असेल, हे मला उमगत नाही.

एक लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, तरीही मारेकरी सापडला नाही. घटनास्थळी डीएनए मिळाल्याचे तपास यंत्रणेने सांगितले आहे, आणि माझी सारी आशा त्यावरच आहे. त्याच व्हर्जिनिया राज्यात १९८७ साली झालेल्या एका तरुण आणि तरुणीच्या हत्येचा संबंध जानेवारी २०२४ मध्ये डीएनएमुळे एका व्यक्तीशी जोडता आला, पण तोवर ती व्यक्ती मरण पावली होती. कॉल्डवेल फील्ड्सच्या या दोन विद्यार्थ्यांच्या आईवडिलांच्या वाट्याला इतका उशिराचा न्याय येऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्या संध्याकाळी तिथून गेलेल्या कुणाला काही आठवत असेल, तर त्याने ते आजही पोलिसांना सांगावे.