फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये

दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या टेबलापाशी दोघे-तिघे तरी येतात आणि या महिन्यात शंभर रुपये जादा का कापले, असे विचारतात. पगारपत्रके तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. व्यवसाय कर, म्हणजे बोलताना आपण ज्याला ‘पीटी’ म्हणतो तो, वर्षाला अडीच हजार रुपये असतो. अकरा महिने दोनशेप्रमाणे बावीसशे होतात आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत कापून हिशेब पुरा केला जातो. यंदा विचारायला आला तो रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. जालना जिल्ह्यातला मुलगा, पगार तेरा हजार. बाकीचे उत्तर ऐकून निघून जातात, त्याने मात्र पुढचा प्रश्न विचारला, “पण साहेब, हे पैसे जातात कुठं?”

हा कर महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून ही योजना आकाराला आली आणि १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. माझी आजी त्या दुष्काळात माण तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडून तळहाताला आलेले फोड, कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ, रेशनवरची मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी आणि हजेरी मांडताना मुकादमाने खाडाखोड केली की वाया जाणारा दिवस, यांबद्दल ती शेवटपर्यंत बोलत असे. पण तिच्या बोलण्यात एक बारीक फरक होता, जो मला फार उशिरा कळला. सुरुवातीच्या वर्षांबद्दल ती म्हणे, “सरकारनं काम काढलं.” नंतरच्या वर्षांबद्दल म्हणे, “आम्ही काम मागितलं.” या दोन वाक्यांच्या मध्ये १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा आहे. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि ‘मागेल त्याला काम’ ही सरकारची कृपा न राहता कायदेशीर जबाबदारी झाली.

यासाठी जे कर बसले त्यांत व्यवसाय कर सर्वांत मोठा. त्याच्या जोडीला विक्रीकरावरचा अधिभार, जमीन महसुलातली वाढ, बागायत जमिनींवरची विशेष आकारणी आणि शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवरचा कर होता. जमा होईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची, असेही कायद्याने ठरवले. शहराने पैसा द्यायचा आणि खेड्याने कष्ट करायचे, अशी ती मांडणी होती. त्यात शहराचा परोपकार फारसा नव्हता. गावात काम मिळाले तर लोंढे मुंबईच्या फूटपाथवर येणार नाहीत, हा हिशेब सगळ्यांनाच कळत होता. बागायतदारांचेही नुकसान झाले नाही. मजुरांनी बांधलेल्या पाझर तलावांचे पाणी ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याच विहिरींना लागले, आणि १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेल्यावर अनुदान तर थेट बांधावर आले. भूमिहीनाला मजुरी मिळाली, जमीनदाराला मालमत्ता. तरीही ही तडजोड मला वाईट वाटत नाही, कारण वरच्यांना काहीच मिळाले नसते तर ही योजना इतकी वर्षे टिकली नसती.

माझा आक्षेप आहे तो कराच्या रचनेवर. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा आधी वर्षाला अडीचशे रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार केली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण कर लागतो. त्या तेरा हजारवाल्या मुलाची वर्षाची कमाई १,५६,००० रुपये, म्हणजे त्याच्यासाठी हा कर शेकडा एक रुपया साठ पैसे पडतो. वर्षाला दोन कोटी घेणारा अधिकारीही अडीच हजारच भरतो. त्याला तो शेकडा सव्वा पैसा पडतो. ही उलटी उतरंड राज्य सरकारला खालून थोडीशी सावरता येते, आणि १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना कर माफ करून ती सावरलीही आहे. वरची मर्यादा मात्र संसदेने घटनादुरुस्ती केल्याशिवाय हलत नाही. ज्यांना जास्त भरावे लागेल त्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो आणि ज्याला कमी भरता आले असते त्याला हे कलमच ठाऊक नसते, एवढ्यावर हे अडून आहे असे मी मानतो. वारसा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. दोन्ही वेळा वसुली थोडी आणि खटाटोप मोठा, असे कारण दिले गेले. महिना तेरा हजारवाल्याकडून वर्षाला अडीच हजार कापण्याचा खटाटोप माझ्यासारखे लोक मुकाट्याने करतात, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

खर्चाच्या बाजूलाही असेच घडले. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि रोजगार हमीची मजुरी त्याला बांधलेली असल्यामुळे तीही वाढली. पुढे कामांचे दिवस मात्र घटले. मजुरीचा दर चढला आणि हमी आकसली. पुढे काही वर्षे तर या करांची जमा योजनेच्या खर्चापेक्षा जास्त होती. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला, पण इथली कपात चालूच राहिली.

आता खर्चाची तऱ्हा बदलली आहे. ‘लाडकी बहीण’चे दरमहा दीड हजार रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. बाईच्या खात्यात थेट पैसे येतात, मुकादम मध्ये येत नाही, याचे मोल मी कमी मानत नाही. आजीला ते फार आवडले असते. पण ही योजना शासन निर्णयाने आली आहे, आणि तिच्या अटी दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतात. कामाची हमी कायद्यात होती, त्यामुळे तहसील कचेरीवर मोर्चा नेताना मजुरांच्या हातात निदान एक कलम असे.

मी हे सगळे त्या सुरक्षारक्षकाला थोडक्यात सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्याच्या आईने उन्हाळ्यात नमुना चारचा अर्ज भरून काम मागितले होते. अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. पोच नाही म्हणजे अर्जाची तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे पंधरा दिवसांत काम मिळाले नाही हे सिद्ध करता येत नाही, त्यामुळे बेरोजगार भत्ताही नाही. त्याच्या फेब्रुवारीच्या पगारपत्रकावरचे तीनशे रुपये मी पेन्सिलीने अधोरेखित करून दिले होते. ती चिठ्ठी त्याने घडी घालून खिशात ठेवली आणि गावी गेल्यावर नमुना चारची पोच कशी मागायची ते लिहून द्या, असे सांगून तो रात्रपाळीला गेला.