स्पर्धेसाठी कंट्रोलर निवडताना: वायरचा की वायरलेस?

स्ट्रीट फायटर 6 या फायटिंग गेममध्ये 'परफेक्ट पॅरी' (समोरच्याचा वार अगदी नेमक्या क्षणी अडवणं) साधायला फक्त 2 फ्रेम मिळतात. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. स्पर्धांत उतरायचं ठरवलं तेव्हा माझी पॅरी कधी बसायची, कधी निसटायची. त्यात वायरलेस कंट्रोलरचा हात किती, हे मला नक्की करून घ्यायचं होतं. "वायरचाच घे, लॅग नसतो", म्हणजे बटण उशिरा पोचत नाही, असं सगळे सांगतात. फरक नेमका किती, ते कोणी सांगत नाही.

मग मोजायलाच बसले. फोनचा सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो-मोशन त्याला पुरतो, त्यातली एक फ्रेम सुमारे 4 मिलिसेकंदांची. अंगठा आणि स्क्रीन एकाच शॉटमध्ये घ्यायचे आणि बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एकदोनदा दाबून काही कळत नाही. गेमच्या एका फ्रेमच्या आत बटण नेमकं केव्हा दाबलं गेलं, त्यावर आकडा मागेपुढे होतो. म्हणून पुन्हा पुन्हा दाबून आकडे लिहून काढावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पैसे खर्च करू नयेत असं मला वाटतं.

सगळ्यात मोठा फरक निघाला तो टीव्हीच्या गेम मोडचा. तो बंद असला की टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करत बसतो, आणि त्यात जाणारा वेळ कंट्रोलरच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होता. नवा कंट्रोलर घ्यायच्या आधी हे जरूर तपासा.

वायर आणि वायरलेसची सरासरी जवळपास सारखीच आली. वेगळं होतं ते आकड्यांचं पसरणं. माझा वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो, आणि ब्लूटूथ व बऱ्याच घरांतलं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. पारंपरिक ब्लूटूथ तिथल्या 79 चॅनेलांवर सेकंदाला 1600 वेळांपर्यंत उड्या मारत गर्दी टाळतं, तरी एखादं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवतंच आणि पुन्हा पाठवावं लागतं. वायफाय शांत असताना वायरलेसचे आकडे वायरच्या आकड्यांना अगदी खेटून होते. मोठं डाउनलोड लावलं की मधूनच एखादं बटण उशिरा पोचायचं. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. उशीर कायम तेवढाच असेल तर हाताला त्याची सवय होते. कधी आहे, कधी नाही अशा उशिराची सवय होऊच शकत नाही.

पीसीवर डोंगल (वायरलेस कंट्रोलरचा यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. यूएसबी 3.0 चं चालू उपकरण शेजारी असेल तर ते याच पट्ट्यात गोंगाट करतं. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल लांब नेला तरी फायदा होतो.

केबल लावली म्हणजे काम झालं, असंही नाही. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये 'कम्युनिकेशन मेथड'खाली 'यूज यूएसबी केबल' निवडावं लागतं. तिथे ब्लूटूथ निवडलेलं असेल तर केबल फक्त चार्जिंग करते. शिवाय केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

शेवटी फायटिंग गेमसाठी मी वायरचा कंट्रोलर घेतला. स्पर्धेच्या हॉलमध्ये शेकडो फोन आणि कंट्रोलर एकाच पट्ट्यात बोलत असतात, तिथली हवा घरासारखी शांत मिळणार नाही. केबल मऊ आणि लांब निवडली. जाड विणीची केबल मनगटाला ओढ देते. वायरलेस मी ठेवला आहे, निवांत खेळायला तो फार सुखाचा आहे. फक्त स्पर्धेत कोणाच्या कन्सोलला जोडला, तर उठताना तो अनपेअर करायचा, म्हणजे त्या कन्सोलशी असलेली जोडणी काढून टाकायची. नाहीतर बॅगेत कंट्रोलरवरचं पीएस बटण दाबलं जाऊन तो पुन्हा जोडला जातो आणि दुसऱ्याचा सामना मध्येच थांबू शकतो, आणि सामना थांबवणाऱ्याचा राउंड जातो असा नियम बऱ्याच स्पर्धांत असतो.