कुठली हवा?

स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहरात पोहोचलो त्या संध्याकाळी घरमालकीणबाईंना सहज विचारलं, "उद्या हवा कशी असेल?" किल्ली हातात ठेवता ठेवता त्यांनी उलट मलाच विचारलं, "कुठली?"

मला वाटलं, माझं इंग्रजी त्यांना कळलं नाही, किंवा त्यांचं मला. म्हणून फोन पुढे केला. मायोर्का, २२ अंश, वर पिवळाधमक सूर्य. लहान मुलाने काढलेलं चित्र बघून हसावं तशा त्या हसल्या आणि जिना उतरून गेल्या.

बायकोने दोन्ही छत्र्या बॅगेतून काढून दारामागे टांगल्या. या छत्र्यांवरून निघायच्या आदल्या रात्री आमचं वाजलं होतं. भूमध्य समुद्रातलं बेट, अर्धी जर्मनी तिथे ऊन खायला जाते, आणि तू छत्र्या कसल्या घेतेस? खरं तर वाईत वाढलेल्या माणसाने हे बोलायलाच नको होतं. श्रावणात आमच्या अंगणातले कपडे वाळलेले असायचे आणि समोर पसरणीच्या घाटावर आभाळ फाटल्यासारखं ओतत असायचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथून तीसेक किलोमीटरवर आम्ही आमच्या वाट्याला काय येतंय ते बघत बसलेले.

मायोर्का आपल्या गोव्याएवढं, किंचित लहानच. पण वायव्येच्या किनाऱ्याला लागून सुमारे नव्वद किलोमीटर लांबीची त्रामुन्ताना डोंगररांग उभी आहे आणि सगळी भानगड तिच्यापायी. डोंगरातल्या लुकच्या मठाजवळ वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दक्षिण टोकाच्या मिठागरांवर चारशेसुद्धा नाही. मधलं अंतर पुणे-लोणावळ्याएवढं.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाल्माहून डोंगरापलीकडच्या सोयेर गावाला जायला १९१२ सालची लाकडी डब्यांची छोटी रेल्वे आहे. निघालो तेव्हा लख्ख ऊन. बाहेर धुळकटलेली बदामाची झाडं, पिवळं पडलेलं गवत, बाकावर शेजारी एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत. बुन्योला स्टेशन मागे पडलं आणि गाडी डोंगराच्या पोटात शिरली. जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा. पलीकडे बाहेर आलो तर काचेवर पाणी. डोंगरउतारावर ढग बसलेले, संत्र्याच्या बागा निथळत होत्या, पन्हळीतून धार लागली होती. कर्जतला ऊन आणि खंडाळ्याला धुकं हे आपण शंभरदा बघितलेलं असतं. पण तिथे घाट चढता चढता हवा हळूहळू पालटते. इथे मधला अंकच गाळलेला.

बायकोने छत्री उघडली. बोलली काहीच नाही, आणि तेच जास्त लागलं. माझी छत्री अर्थातच दारामागे.

ऑक्टोबरात समुद्र अजून उबदार असतो. उत्तरेकडचा गार वारा त्याच्यावरून येताना बाष्प उचलतो, डोंगराला थडकतो, वर चढतो आणि तिथेच रिकामा होतो. पलीकडे उतरेपर्यंत तो कोरडा ठणठणीत. शाळेत भूगोलाच्या पेपरात पर्जन्यछायेची आकृती काढून मी पाच मार्क मिळवलेले आहेत, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्या वाऱ्याचं नावच त्रामुन्ताना. डोंगरही त्याच नावाने ओळखला जातो. इथल्या खलाशांनी आठ दिशांच्या वाऱ्यांना आठ नावं दिली आहेत. पूर्वेचा येवांत म्हणजे उगवतीचा, पश्चिमेचा पोनेंत म्हणजे मावळतीचा, दक्षिणेचा मिज्जोर्न म्हणजे चक्क माध्यान्हीचा. बेटाच्या पूर्व भागालाही येवांतच म्हणतात आणि दक्षिण भागाला मिज्जोर्न. ज्या लोकांनी आपल्या तालुक्यांना वाऱ्यांची नावं दिली, त्यांना मी अख्ख्या बेटाची एक हवा विचारत होतो! उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यालाही वेगळं नाव आहे, एम्बात. तो पाल्माच्या आखातातून आत शिरतो, दुसरा उत्तरेच्या अल्कुदियाच्या आखातातून. मधल्या सपाटीवर दोघांची गाठ पडते, आणि कधीकधी किनाऱ्यावर लोक उघडे पडलेले असताना तिथे गडगडाट सुरू होतो.

एका कॅफेत पाऊस थांबायची वाट बघत बसलो. संत्र्याचा रस गार होता, मला चहा हवा होता. त्याच डोंगररांगेत थोडं पलीकडे वाल्देमोसा आहे. तिथे १८३८च्या हिवाळ्यात पियानोचा संगीतकार शोपँ येऊन राहिला होता. छाती दुबळी, म्हणून पॅरिसची थंडी चुकवायला इथे आला. पाल्मात सुरुवातीला स्वच्छ ऊन मिळालं, स्वारी खूश. मग पावसाला तोंड फुटलं, आजाराचा बोभाटा झाला, राहतं घर सोडावं लागलं आणि मुक्काम हलला तो नेमका डोंगरातल्या ओलसर मठात. पाल्मापासून अंतर वीस किलोमीटरही नाही. संगीताचं भलं झालं, माणसाचं नाही. फेब्रुवारीत तो आला त्याहून जास्त आजारी होऊन परतला. त्याला कोणी "कुठली हवा?" म्हणून विचारलं असतं तर?

सोयेरच्या मागचा पुच मायोर डोंगर त्या दिवशी ढगातच होता. साधारण महाबळेश्वरच्या उंचीचा, पण हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडतं. पूर्वी लोक ते दगडी खड्ड्यांत तुडवून, वर गवताचे थर देऊन उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवत आणि रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून पाल्मात नेत. तापकऱ्यांसाठी आणि सरबतासाठी. म्हणजे भर उन्हाळ्यात डोंगरातली थंडी शहरात विकली जात होती.

पाऊस थांबला नाही. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. बोगद्याच्या या तोंडाशी तेच ऊन, तेच बदाम, जणू मधे काही झालंच नव्हतं. पाल्माच्या स्टेशनवर लोक आइस्क्रीम खात उभे होते. आमच्या छत्रीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. मी खांद्यापर्यंत भिजलेला. एक छोटी मुलगी आईचा हात ओढून आम्हाला दाखवत होती. आईने एकदा छत्रीकडे बघितलं, मग डोंगराच्या दिशेने बघितलं, आणि मुलीला म्हणाली, "सोयेर."